वरवंट्याला डोळे

१

सकाळी चहाच्या आधी दगडावर पाणी मारायचं, हा गोजाबाईचा जुना शिरस्ता होता. पाणी मारलं की काळ्या दगडातली बारीक चीर ताबडतोब दिसते. कोरड्या दगडात ती दडून बसते आणि काम निम्म्यावर आलं की दगा देते. पाणी मारून झालं की हातोडीचा एक हलका टोला. दगड खणखणीत वाजला तर कामाचा, बद्द वाजला तर बाजूला. एवढं झालं की चहा, आणि चहाबरोबर शेजारच्या गुरम्माला हाक.

सोलापुरातून होटगीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तिच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. पुढं अंगण आणि अंगणभर दगड. वडाराच्या घरात जन्मलेली, वडाराच्याच घरात दिलेली बाई. दगड घडवणं तिला कुणी मुद्दाम शिकवलं असं नाही. एके काळी ती पाटे, जाती, उखळं करायची. घरोघरी मिक्सर आले आणि ते गिऱ्हाईक आटलं. तिची जनावरं मात्र चालली. कासव, घोरपड, तित्तर, काळवीट, माळढोक. तिची सासू अक्कम्मा गाढवांवर बिऱ्हाड लादून माळामाळानं हिंडलेली. तिनं ही सगळी जनावरं जितीजागती पाहिली होती आणि पाट्याच्या कडेला त्यातलं एखादं कोरून ठेवायची तिला खोडच होती. गोजाबाईनं ती खोड उचलली. माळढोक तिनं स्वतः कधी पाहिला नाही. सासूच्या हातून पाहिला, तेवढा तिला पुरला.

या घरातल्या जनावरांना डोळे नसत. चोच असे, नखं असत, कासवाच्या पाठीवरची घरं मोजून घ्यावीत इतकी नेमकी असत. डोळ्याच्या जागी मात्र सपाट दगड. नवी सून असताना तिनं सासूला एकदा कारण विचारलं होतं.

"आपल्यात देत न्हाईत," एवढंच अक्कम्मा म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली.

हे उत्तर गोजाबाईला चाळीस वर्षं पुरलं. तशी ती फार प्रश्न विचारणाऱ्यांतली नव्हतीच.

२

यास्मीनचं भवानी पेठेत हस्तकलेच्या वस्तूंचं लहानसं दुकान होतं. तिशीतली, चुणचुणीत बाई. मोडनिंबकडच्या एका कृषी पर्यटनवाल्यानं तिच्याकडं तीस जनावरं सांगितली होती, बागेतल्या वाटेच्या दोन्ही अंगांना मांडायला. काम कुठवर आलं ते बघायला ती आली, तेव्हा अठरा जनावरं तयार होती.

"मावशी, काम एकदम भारी झालंय," ती म्हणाली. "पण एक बोलू का? त्यांना डोळे पाहिजेत. आंधळी जनावरं बघून पोरं बिचकतात म्हणे."

"आमच्यात डोळं देत न्हाईत, बाई."

"का बरं?"

गोजाबाईकडं सासूचंच उत्तर होतं. ते तिचं देऊन झालं होतं. यास्मीननं जास्त ताणलं नाही. "बघा, विचार करा," म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

हे सगळं सिद्धेश्वरी उंबऱ्यात बसून ऐकत होती. गोजाबाईची ही एकुलती लेक, मोहोळला दिलेली. आठवा लागला तशी बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीची दोन पोटातच गेली होती, एक चौथ्या महिन्यात, एक सातव्या. त्यामुळे या खेपेला गोजाबाई तिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हती. नवस इतके बोलून झाले होते की आता बोलायला नवा देव उरला नव्हता.

"अम्मा, दे की डोळं," सिद्धेश्वरी म्हणाली. "डोळ्याचं कासव कसं दिसतंय, मला बघायचंय."

"तू गप बस."

"डोहाळाच समज की माझा. चिंच मागितली न्हाई, आंबा मागितला न्हाई. एवढं एकच मागतीय."

ती हसत म्हणाली, पण शब्द तोंडातून गेला होता. पोटुशी बाईचा डोहाळा मोडत नाहीत. दोनदा दवाखान्यातून मोकळ्या हातानं परतलेल्या लेकीचा तर मुळीच नाही. एका बाजूला सासूचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला लेकीचा डोहाळा. सासू जाऊन बावीस वर्षं झाली होती, लेक समोर बसली होती. गोजाबाईनं छिन्नी उचलली.

डोळा तिनं जन्मात काढला नव्हता. चांगलं कासव हातानं बिघडायला नको म्हणून तिनं आधी एका जुन्या वरवंट्यावर हात बसवून पाहिला. विकायचा राहिलेला वरवंटा, वीतभराहून थोडा लांब. त्याच्या एका टोकाला तिनं दोन खळगे घेतले, हरभऱ्याएवढे, आणि भोवतीनं बारीक कड ठेवली. अर्ध्या तासाचं काम.

"अगं बया, किती गोड बघतंय!" सिद्धेश्वरी म्हणाली. गोजाबाई ओरडेपर्यंत तिनं वरवंटा उचलला, आत नेला आणि खाटेजवळच्या खिडकीत ठेवला.

कासवाचे डोळे उद्या काढू, असं गोजाबाई म्हणाली.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी केर काढता काढता तिनं खिडकी पुसायला घेतली. वरवंटा उचलला तेव्हा अंगठा आपसूक डोळ्यावर गेला. खळग्यात तो जरासा आत जायला हवा होता. गेला नाही.

तिनं वरवंटा उजेडात नेला. दोन्ही खळगे भरून आले होते. नुसते भरले नव्हते, तर मधोमध थोडे फुगीर झाले होते आणि फुगीर भाग गुळगुळीत होता.

"सिद्धी, ह्यात काय भरलंस गं? पीठ, चुना, काय?"

"मी कशाला भरू?"

गोजाबाईनं दाभण आणलं आणि कडेकडेनं कोरून पाहिलं. कणभर काही निघालं नाही, दाभणाचं टोक तेवढं बोथट झालं. मग रोजच्यासारखं पाणी मारलं. भरलेलं असतं तर पाण्यात सांधा दिसला असता. सांधा नव्हता. सगळा एकच दगड होता.

दगडातून काढता येतं, दगडात घालता येत नाही. दगडाचं काम करणाऱ्याला ही एक गोष्ट पहिल्या दिवशी कळते आणि मरेपर्यंत पुरते. नाकाचा शेंडा उडाला की उडाला, तो परत कुणी आणत नाही. गोजाबाईनं चाळीस वर्षांत एवढ्या एका गोष्टीवर भरवसा ठेवला होता. आता ती वरवंटा घेऊन पायरीवर बसली आणि कारणं शोधायला लागली. खळगे आपण घेतलेच नसतील, नुसती कड काढली असेल. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, त्यानं खोल दिसलं असेल. वरवंटाच दुसरा असेल. कारणं पुष्कळ सापडली, पटलं एकही नाही.

वरवंटा परत ठेवताना तिनं त्याचं तोंड बाहेर, अंगणाकडं केलं. दुपारी पाहिलं तर तोंड आत, खाटेकडं.

"मीच फिरवला," सिद्धेश्वरी म्हणाली. "पाठ करून ठेवतात व्हय कुणाला?"

त्याच दिवशी यास्मीनचा फोन आला. "मावशी, डोळ्यांचं राहू द्या. मी त्यांना पटवलंय. हीच तुमची खासियत, म्हटलं."

म्हणजे डोळे काढायची गरजच नव्हती. गोजाबाईनं फोन ठेवला आणि का कोण जाणे, तिला यास्मीनचा फार राग आला. त्यात त्या बाईचा काही दोष नव्हता, हेही तिला कळत होतं.

४

सिद्धेश्वरी बाळंत झाली ती सरकारी दवाखान्यात, भर दुपारी, काही त्रास न होता. मुलगी झाली. पावणेतीन किलोची, रंगानं आईवर गेलेली, आणि रडली ती अशी की बाहेरच्या बाकावर गोजाबाईला ऐकू आलं. गोजाबाई तिथंच पदरात तोंड घालून रडली. जावई कुंडलिक मोहोळहून पेढे घेऊन आला. हातांची बोटं मोजून झाली, पायांची मोजून झाली. सगळं जागच्या जागी होतं.

मुलीनं डोळे तेवढे उघडले नव्हते.

"पापण्या सुजल्यात जरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकदोन दिवसांत उघडेल."

तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. मुलगी दूध प्यायची, झोपायची, मूठ तोंडात घालायची. जागी असली की मान इकडंतिकडं वळवायची, पण डोळे मिटलेलेच. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून पूजा झाली. पूजेला गोजाबाईनं गुरम्माकडचा वरवंटा मागून आणला. स्वतःच्या अंगणात सात पडले होते, तरी.

"गोजाक्का, पाथरवटाच्या घरात वरवंट्याचा दुष्काळ पडला का काय?" गुरम्मानं विचारलं. गोजाबाईनं हसून वेळ मारून नेली.

खिडकीतल्या वरवंट्याकडं ती आता रोज बघायची. बघायचं नाही असं ठरवून बघायची. पाचवीच्या दिवशी त्या दोन फुगवट्यांवर एक बारीक रेघ उमटलेली दिसली. सातव्या दिवशी ती रेघ म्हणजे वरची पापणी होती, तिची घडी स्वच्छ दिसत होती. इतकं बारीक काम गोजाबाईच्या छिन्नीनं होण्यातलं नव्हतं. सासूच्याही नाही. नवव्या दिवशी तिनं त्यावर फडकं टाकलं.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या पापण्या बोटानं वर करून बॅटरी मारून पाहिली. "डोळे छान आहेत, आजी. आत सगळं व्यवस्थित आहे. उघडत का नाही, ते मात्र कळत नाही. आठवडाभर बघू, नाहीतर पुण्याला दाखवावं लागेल."

रिक्षात सिद्धेश्वरीनं मुलीच्या पापण्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अम्मा, हिला दिसंल न्हवं गं?"

"दिसंल की. न दिसायला काय झालंय?"

"मला हिच्याबिगर दुसरं काय नको. मला फकस्त ही पाहिजे."

गोजाबाईनं तिचा हात धरला.

५

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गोजाबाईनं फडक्यासकट वरवंटा अंगणात आणला. डोळे आपण दिले, आपणच काढून टाकू, असा सरळ हिशेब होता. दोन टोले, चार कपच्या, काम संपलं. तिनं वरवंटा दोन पायांत धरला, डोळ्यावर छिन्नी टेकवली आणि हातोडी मारली. टोला हलकाच होता.

आत मुलगी किंचाळली.

हे भुकेचं रडणं नव्हतं, ओल्या दुपट्याचंही नव्हतं. गोजाबाईनं हातोडी खाली ठेवली. हातोडीच्या आवाजानं दचकली असेल, तिनं मनाला सांगितलं. पण आठवडाभर ती याच अंगणात घोरपड घडवत होती आणि मुलगी त्या ठोकठोकीत गाढ झोपत होती.

तिनं वरवंटा उलटा केला आणि दुसऱ्या टोकावर टोला मारला. चांगला जोरात. आत शांतता. शेजारच्या पाट्यावर मारला. शांतता. मग परत वरवंटा फिरवून डोळ्यावर छिन्नी टेकवली. मारायची म्हणून नाही, खात्री करायची म्हणून. तरी हात थोडा पडलाच.

"अम्मा!" सिद्धेश्वरी आतून ओरडली. "अगं बघ की, पोरगी कसं करतीय! दोन्ही हात डोळ्यांवर धरलेत!"

गोजाबाई आत गेली. मुलीच्या मुठी डोळ्यांवर गच्च दाबलेल्या होत्या आणि डाव्या पापणीच्या कडेला एक बारीक लाल ओरखडा होता.

"नख लागलं असंल," सिद्धेश्वरी म्हणाली. "वाढल्यात नखं."

"व्हय," गोजाबाई म्हणाली. "नखंच लागली असत्याल."

ती अंगणात परत आली, वरवंटा मांडीवर घेऊन बसली. डाव्या डोळ्यावरून कपचीही उडाली नव्हती. तिथं एक ओरखडा होता. मान खाली घालून तिनं पहिल्यांदा त्या डोळ्यांत नीट पाहिलं. ते कुठंतरी बघणारे डोळे नव्हते, तिच्याकडं बघणारे होते, आणि त्यांत वाईट काही नव्हतं. नवं मूल बघतं तसं बघणं होतं. गोजाबाईला वाटलं, हे आमचंच आहे. पोरीचं जे पोरीत यायचं, ते चुकून इथं आलंय. मी डोळे देऊन दार उघडं केलं, तिथून आलंय.

मग या दारातून ते परतही नेता येईल. तोडून नाही. तोडायचं नसतंच काही. नुसतं ज्याचं त्याच्याजवळ नेऊन ठेवायचं. आणि परवा बारसं होतं.

६

बारशाला पाळण्यात आधी मूल घालत नाहीत. आधी वरवंटा घालतात. त्याला टोपरं घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, बायकांनी पाळण्याच्या दोन बाजूंना उभं राहून खालून-वरून एकमेकींच्या हातात द्यायचं आणि मग पाळण्यात निजवायचं. तो उचलला की मग मूल. दोघं एका वेळी पाळण्यात नसतात. का नसतात, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

गोजाबाईनं सकाळीच आपलं एक जुनं मऊ लुगडं मधोमध फाडलं. एका तुकड्यात नात गुंडाळली, दुसऱ्यात वरवंटा, जास्त घड्या घालून तेवढाच लांब केलेला. टोपरीही एकसारखी शिवली होती. मोहोळची माणसं आली, गल्लीतल्या बाया आल्या, खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. वरवंटा या हातातून त्या हातात फिरला. गुरम्माच्या हातात आला तेव्हा ती म्हणाली, "गोजाक्का, लई हलका गं तुझा वरवंटा!" आणि बाया हसल्या.

मग तो पाळण्यात निजवला. गाणी चालू होती. आता तो उचलायचा आणि मुलीला घालायचं. गोजाबाईनं सिद्धेश्वरीच्या हातून मुलगी घेतली आणि वरवंट्याशेजारी ठेवून दिली.

"अगं, आधी त्यो काढ की!" कुणीतरी म्हणालं.

"काढते, काढते."

पण तिनं लगेच काढला नाही. मनात तिनं अकरा आकडे मोजले. पाळणा एकदा हलवला, दोनदा हलवला. दोन टोपरी, एका लुगड्याची दोन दुपटी, दोन्हींची तोंडं एकमेकांकडं वळलेली. आत्याबाई नाव सांगायला पुढं वाकल्या, त्यांच्या पदरानं क्षणभर दोघंही झाकली गेली. पदर बाजूला झाला तेव्हा गोजाबाईनं दोन्ही हात पाळण्यात घातले. एक हात एकीच्या खाली, दुसरा दुसऱ्याच्या. तोलून पाहिलं. दगडाचं वजन तिला डोळे मिटून कळायचं.

दोन्ही हातांना एकच वजन लागलं.

"गोजाबाई, उरका की!"

उजव्या हाताखालचं दुपटं थोडं ऊब देत होतं. की डाव्या? खोलीत तीस बाया होत्या, पत्रा तापला होता, सगळंच ऊब देत होतं. टोपरं वर करून बघायला एक क्षण पुरला असता. तेवढ्यात डाव्या बाजूचं हललं असं तिला वाटलं. तिनं उजव्या बाजूचं वरवंटा म्हणून उचललं.

"बघितलं!" सिद्धेश्वरी किंचाळली. "अम्मा, डोळं उघडलं! बघ, बघ, माझ्याकडं बघतीय!"

मग खोलीत जो कल्ला झाला तो विचारू नका. कुंडलिक बाहेरून धावत आला. कुणी पेढा भरवला, कुणी दृष्ट काढली. आत्याबाईंनी महेश्वरी नाव ठेवलं. पाळण्यातली मुलगी टपोऱ्या काळ्याभोर डोळ्यांनी सगळ्यांकडं बघत होती. सिद्धेश्वरी हसत होती आणि रडत होती. तिला इतकी सुखी गोजाबाईनं आजवर पाहिली नव्हती.

हातातलं गाठोडं गोजाबाईनं न सोडता फळीवर ठेवलं, धान्याच्या डब्यामागं.

७

गाठोडं सोडून बघायला हवं होतं. उद्या बघू, असं ती रोज म्हणत होती. दगड दगड असतो, त्यात बघायचं काय, असंही म्हणत होती. यास्मीनची तीस जनावरं बिनडोळ्यांची टेम्पोत चढली, मोडनिंबला पोचलीसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी मुलीला बघून "मी म्हटलं नव्हतं?" असं विचारलं. मुलगी दूध पीत होती आणि वजन धरत होती. रडायची मात्र नाही. किती शहाणं बाळ, असं सगळे म्हणायचे.

बारशाला आठ दिवस होऊन गेले असतील. दुपारची वेळ होती. सिद्धेश्वरी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, गोजाबाई समोर लसूण सोलत होती. दारातून एक माशी आली. मुलीच्या कपाळावर बसली, उठली, गालावर बसली. मग चालत चालत डोळ्यात गेली. उघड्या डोळ्यात, काळ्या बुबुळावर. तिथं तिनं पुढचे पाय एकमेकांवर घासले.

मुलीची पापणी लवली नाही.

माशी निवांत बसली आणि मग आपणहून उडाली. गोजाबाईनं मान वर केली तेव्हा सिद्धेश्वरी तिच्याकडंच बघत होती.

"अम्मा, तू बघितलंस?"

गोजाबाईच्या हातात अर्धी सोललेली पाकळी होती. ती तिनं पुरती सोलली.

"काय?"

"माशी."

"कुटं हाय माशी? मला तर काय दिसली न्हाई. माझं मोतीबिंदूचं डोळं, बाई."

सिद्धेश्वरीनं मुलीला छातीशी घट्ट धरलं, आणखी घट्ट धरलं. "मला पण न्हाई दिसली," ती म्हणाली.

गोजाबाई उठली. फळीजवळ गेली, धान्याचा डबा बाजूला केला, गाठोडं दोन्ही हातांनी खाली घेतलं आणि मागच्या दारी जाऊन पायरीवर बसली. दुपट्याच्या गाठीवर तिनं बोट ठेवलं. गाठ साधी होती, एका ओढीत सुटली असती. ती तिनं ओढली नाही.

"अम्मा, काय करतीयास गं तितं?" आतून आवाज आला.

"काय न्हाई. दगड हाय," गोजाबाई म्हणाली. गाठोडं तिनं मांडीवर आडवं घेतलं, त्याच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून पदर धरला, आणि मांडी हळूहळू हलवायला लागली.